मीटरवरचा गणपती
अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा वास आला की मला बालीगंजचं ते गॅरेज आठवतं. आईला तपासणीला नेताना व्हॅन गचके खाऊ लागली, म्हणून बाबांनी ती तिथे थांबवली. मेकॅनिकने काळा पडलेला स्पार्क प्लग काढून दाखवला आणि विचारलं, "दादा, मीटर में बत्ती नहीं जला था?" बाबा म्हणाले, "नहीं." मागच्या सीटवरून आई शांतपणे म्हणाली, "महिनाभर जळतोय तो दिवा. मला दिसू नये म्हणून तुम्ही त्यावर गणपतीचा स्टिकर लावलात." तिचे रिपोर्ट चांगले आलेत, असंही आम्ही तिला महिनाभर सांगत होतो. आईने पुढे वाकून मीटरवरचा स्टिकर हलकेच सोलला. आता व्हॅन मी चालवतो, आणि मीटरच्या काचेवर राहिलेला स्टिकरचा चिकट डाग पुसत नाही.