डोळे नसलेल्या मूर्तीसमोरचा कॉम्प्युटर

या सदरातले अनुभव मी जेवणानंतर पडल्या पडल्या वाचतो, आणि खरं सांगायचं तर हसायला वाचतो. हायवेवर लिफ्ट मागणारा तो पांढऱ्या शर्टातला माणूस… आमच्या वडखळ-गडब पट्ट्यात तो इतक्या जणांना भेटलाय की एव्हाना त्याला एसटीचा पास मिळायला हवा होता. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. त्यामुळे खालचा प्रकार कोणत्या खात्यात टाकायचा ते मला कळत नाही. त्यात भूत नाही, एवढं आधीच सांगतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी रोह्याला एका केमिकल कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात होतो. विभाग म्हणजे मी आणि एक एसी. एसी कॉम्प्युटरसाठी होता. माझी मावसबहीण वासंती पेणला दिलेली. तिच्या सासरचा गणपतीचा कारखाना. रोह्यात कारखाना म्हटलं की माणसं नाकाला रुमाल लावतात, पेणमध्ये हात जोडतात.

कारखान्याचं नाव होतं ते तिच्या सासऱ्यांमुळे, म्हणजे नानांमुळे. मूर्तीचे डोळे रंगवतात त्याला तिथे आखणी म्हणतात. बाकी सगळा रंग झाल्यावर, अगदी शेवटी ती होते. नानांच्या आखणीसाठी गिऱ्हाइकं मुंबईहून यायची. त्या वर्षी नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. छान झालं. नाना पेपरातल्या छोट्या जाहिरातीसुद्धा वाचायला लागले, पण ब्रश हातात घेईनात. "डोळा आला, हात गेला," एवढंच म्हणायचे आणि दाराजवळच्या खुर्चीत बसून राहायचे. वासंतीने रोजावर आखणीवाले आणले. जुनी गिऱ्हाइकं यायची, मूर्ती बघून "छान आहे" म्हणायची आणि नाव न नोंदवता जायची.

"यंदा असंच गेलं ना दादा, तर पुढच्या वर्षी शेड भाड्याने द्यायची," वासंती मला म्हणाली. "शेडचं एक वेळ सोड. मग नाना काय करतील त्या खुर्चीत?"

गिऱ्हाईक टिकवायचा एक उपाय म्हणून तिने कॉम्प्युटर घेतला. मूर्तींचे फोटो पडद्यावर दाखवायचे, अशी कल्पना. उद्घाटनाला एक पुढारी आले. मॉनिटरला हार, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक, माउसला हळद. पुढारी एकविसाव्या शतकावर इतकं बोलले की कॉम्प्युटर झोपी गेला — म्हणजे स्टँडबायमध्ये गेला. शेवटी त्यांनी माउस हलवला. पडदा निळा झाला, त्यावर इंग्रजीत पांढरी अक्षरं आली आणि सगळं ठप्प. पुढाऱ्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हापासून तोच प्रकार. चालू असेपर्यंत उत्तम; एकदा झोपला की उठताना क्रॅश. गिऱ्हाइकासमोर हमखास. वासंतीने मला बोलावलं आणि मी रविवारी फ्लॉपींचा डबा घेऊन पेणला जायला लागलो. डिस्प्लेचा ड्रायव्हर बदलला. रॅम काढून पुसून बसवली, मग दुसरी लावली. विंडोज नव्याने टाकलं. पॉवर सप्लाय बदलला. झोपणंच बंद करून पाहिलं, तर त्या पत्र्याच्या शेडमध्ये कॉम्प्युटरची पेटी दिवसभर तापून बंद पडायला लागली. तीच पेटी रोह्याला माझ्या टेबलावर आठवडाभर शहाण्यासारखी झोपली आणि उठली. पेणला परत नेली, की पुन्हा निळा पडदा.

नाना खुर्चीतून हे सगळं बघत होते.

"इंजिनियर, पेटीत काय नाय," ते एकदा म्हणाले. "तू ती चुकीच्या बाजूला झोपवतोयस."

मला वाटलं चेष्टा. तर नाही. सीझनला कारागीर कारखान्यातच पथारी टाकतात, आणि त्या घरात नानांच्या वडिलांपासूनचा नियम आहे — झोपायचं ते आखणी झालेल्या मूर्तींच्या बाजूला. डोळे नसलेल्या मूर्तीसमोर कुणी आडवं व्हायचं नाही.

"का?"

"माणूस जागा व्हतो तवा कोणीतरी त्याच्याकडं बघत असायला लागतं. नायतर त्याला कळत नाय आपण कुठं हाव ते."

"नाना, हे मशीन आहे."

"मग ते का घाबरतं?"

टेबल आखणी न झालेल्या बाजूला ठेवलं होतं, कारण प्लग तिथे होता. नियम वासंतीला माहीत होता, पण तो माणसांसाठी, असं तिने धरलं होतं. टेबलासमोर एक मोठी मूर्ती उभी होती. रंग पूर्ण, दागिने पूर्ण, डोळ्यांच्या जागी कोरा पांढरा भाग. ती वासंतीने मुद्दाम मागे ठेवली होती. रोजावरच्या हाताला ती देणार नव्हती.

नानांना खोटं पाडायला मी लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड आणला. प्लग तोच, वीज तीच, फक्त टेबल दुसऱ्या बाजूला. कॉम्प्युटर झोपवला, उठवला. उठला. पुन्हा पुन्हा केलं. दर वेळी उठला. टेबल परत जागेवर — निळा पडदा. अर्थिंग, रंगाच्या फवाऱ्याचा कॉम्प्रेसर, प्लास्टरची धूळ, सगळ्यांची नावं मी घेतली. कॉम्प्रेसर बंद करून पाहिला. निळा पडदा. मग, कुणाला सांगू नका, मूर्तीच्या तोंडावर वर्तमानपत्र टाकून पाहिलं. निळा पडदा.

"झाकल्यावर बघायला लागतं काय कोण?" नाना म्हणाले. कारागीर हसले. मीही हसलो आणि त्याच भरात बोलून गेलो, "मग आता डोळे काढूनच बघायला हवं."

ऑपरेशननंतर ही गोष्ट नानांसमोर कुणी काढली नव्हती. वासंतीने माझ्याकडे असं पाहिलं की मी स्क्रू मोजायचं नाटक करू लागलो.

"तुझं काय जातंय बघायला," नाना म्हणाले. मग वासंतीला, "बारीक ब्रश कुठं ठेवलास गो माझा?"

तिने तो कुठे ठेवला असेल? कमरेच्या पिशवीत होता. सगळा सीझन.

नाना स्टुलावर बसले. हात कापत होता. मी स्वतः पाहिला. मूर्तीजवळ जाईपर्यंत कापत होता. ब्रश टेकला आणि थांबला. पहिली रेघ वरच्या पापणीची, एका दमात. दुसरा डोळा पूर्ण झाला तेव्हा नाना थोडे मागे सरले, मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाले, "डावा जरा रागावलाय. असूं दे. इतके दिवस थांबवलं त्याला."

मी कॉम्प्युटर झोपवला. माउस हलवला. फोटोंची यादी समोर.

पुन्हा झोपवला. उठला. वासंतीने उठवला, कारागिरांनी उठवला. टेबल त्याच जागी, प्लग तोच, पेटीत मी काहीही बदललेलं नव्हतं. तो कॉम्प्युटर पुढे मोडीत निघेपर्यंत झोपेतून उठताना कधी क्रॅश झाला नाही. नाना त्या सीझनला रोज स्टुलावर बसले. रोजावरच्यांना वासंतीने पुन्हा बोलावलं नाही, आणि शेडही भाड्याने गेली नाही.

स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. कुणी पत्र लिहून अर्थिंगचं सांगेल. मी आदराने वाचेन. खरं तर पुरावा पक्का करायचा तर उलटा प्रयोग करायला हवा होता — डोळे पुसायचे आणि मशीन पुन्हा अडकतं का बघायचं. त्या दुपारी सवयीने मी तसं बोललोही.

नानांनी ओलं फडकं उचललं. "पुसू? सांग. परत काढीन की, त्यात काय."

'परत काढीन' ऐकून वासंतीने तोंड भिंतीकडे वळवलं होतं. मी स्क्रू ड्रायव्हर पिशवीत टाकला आणि रोह्याची एसटी पकडली.