आबांच्या डिस्कमधली माणसं

आबा फोटो काढताना कॅमेऱ्यातून कमी आणि उघड्या डोळ्यांनी जास्त बघत. पासपोर्ट आकाराच्या फोटोला दुसऱ्या दुकानात दोन मिनिटं लागायची, आबांकडे बारा ते पंधरा. हे मी अंदाजाने सांगत नाही. मला ऑफिसला परत जायचं असे, म्हणून माझं लक्ष घड्याळाकडेच असायचं. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवून आबा कॅमेऱ्याशेजारी उभे राहत आणि त्याच्या चेहऱ्यावरचं सरकारी कामाचं दडपण उतरण्याची वाट बघत. मग हळूच म्हणत, "मान वर करा, आनी घर याद करा." घर आठवलं की माणसाच्या तोंडावर क्षणभर काहीतरी यायचं. तेवढ्यात आबांनी बटण दाबलेलं असायचं.

त्यांचा स्टुडिओ नंदुरबारला, कचेऱ्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर होता. दहा बाय चौदाची खोली, एक टेबल, त्यावर संगणक, मागे निळा पडदा. मी पाटबंधारे खात्यात लेखा शाखेत आहे. ऑफिसच्या ओळखपत्रांच्या फोटोंचं काम त्यांच्याकडे द्यायला जाऊ लागलो आणि मग काम नसतानाही जाऊ लागलो. मिरचीच्या दिवसांत बाजाराकडून येणारी माणसं डोळे लाल करून, खोकत यायची. आबा त्यांच्यासमोर पाण्याचं भांडं आणि आरसा ठेवत आणि अर्धा तास बसवून घेत. घाई करणाऱ्याला सांगत की सात वर्षं कार्डावर रडका दिसशील, त्यापेक्षा अर्धा तास बस.

खुंटीवर तीन शर्ट आणि एक कोट टांगलेला असे. सातपुड्यातून दाखल्यांसाठी, बँकेच्या पासबुकासाठी उतरलेली माणसं प्रवासात मळलेल्या कपड्यांत असायची. आबा न विचारता शर्ट काढून हातात देत. दर शनिवारी ते तिन्ही शर्ट स्वतः धूत. कित्येकांचा तो आयुष्यातला पहिला फोटो असे, आणि आबांना ठाऊक होतं की बऱ्याच जणांचा तो एकुलता एकही राहणार. म्हणून ते काढलेला एकही फोटो पुसत नसत. घरात कोणी गेलं की लोक आबांकडे येत. आबा संगणकात शोधून तो फोटो मोठा करून देत. त्या फोटोचे त्यांनी कधी पैसे घेतल्याचं मी पाहिलं नाही.

शोधायची त्यांची रीत मात्र मला सोसत नसे. एकाच आडनावाची, एकाच नावाची माणसं इतकी, की नावाने फोटो ठेवणं निरुपयोगी होतं. मी सुचवलं की प्रत्येकाला क्रमांक द्या आणि एक वही करा. आबा म्हणाले, "साहेब, नंबरले तोंड नही ऱ्हास." ते प्रत्येक फोटोला खूण देत. मराठीत टाइप करायला मीच शिकवलं होतं. एका बोटाने ते लिहीत: 'शहादा, कानात बाळी, घाईत'. 'धडगाव, आजी, पदर सोडत नाही'. कोणी आलं की गावाचं नाव विचारून ते यादी खाली सरकवत जात आणि नेमक्या ओळीवर थांबत. मी वेळ लावून पाहिला. माझ्या क्रमांकांनी याहून लवकर सापडलं नसतं.

माझी बढती झाली तेव्हा नव्या ओळखपत्रासाठी मीही त्या स्टुलावर बसलो. आबांनी फोटो काढला, मान हलवली आणि दुसरा काढायचं ठरवलं. दुसऱ्या वेळी ते कॅमेऱ्यामागून म्हणाले, "साहेब, घर याद करा म्हनं तं तुम्ही घरपट्टी याद करी ऱ्हायनात." दुसरा फोटो बघायचं मी टाळलं. पहिला गंभीर होता, ऑफिसला तोच चालणार होता. तो घेऊन मी निघालो.

त्या सुमारास आमच्या ऑफिसात संगणकाच्या सुरक्षिततेवर एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. मी टिपणं घेतली आणि ती आबांना वाचून दाखवली. महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती असाव्यात, त्यातली एक दुसऱ्या जागी असावी. प्रत काढून झाली की डिस्कची वायर काढून ठेवावी. अनोळखी प्रोग्रॅम घेऊ नये. आबांनी शांतपणे ऐकलं. त्यांच्याकडे संगणकातली एक प्रत आणि बाहेरची एक डिस्क होती. पुढच्या आठवड्यात त्यांनी दुसरी डिस्क आणली, तिच्यात सगळं भरलं आणि रविवारी सकाळी ती पांढऱ्या रुमालात बांधून माझ्या घरी आले. म्हणाले, तुमच्या कपाटात ठेवा, तुमच्याइतकं नीट कोण ठेवणार.

मी नाही म्हणालो.

कारणं मी त्यांना सांगितली आणि ती सगळी बरोबर होती. हजारो लोकांचे चेहरे, त्यात बायाबापड्यांचे फोटो, दुसऱ्यांची ठेव. उद्या काही कमीजास्त झालं तर जबाब कोण देणार? आत काय आहे याची यादी करा, दोघांच्या सह्या करू, मग ठेवतो, असं मी म्हणालो. आबा हसले. "यादी करता करता मन्हा पुढला जलम यी जाई," म्हणाले. चहा घेतला, रुमालाची गाठ पुन्हा मारली आणि डिस्क घेऊन गेले. ती त्यांनी स्टुडिओच्या टेबलावर पहिल्या डिस्कशेजारी ठेवली. पहिलीची वायर सैल होती, एकदा काढली की पुन्हा सहज लागत नसे, म्हणून ती कायम जोडलेलीच असे, आणि आता दुसरीही तशीच राहिली. तीन प्रती झाल्या, पण तिन्ही एका टेबलावर.

लग्नसराईच्या आधी सुरतेकडचा एक विक्रेता आला. अल्बमचा कागद विकायचा. त्याने आबांना अल्बम सजवायचा एक प्रोग्रॅम भेट दिला, विकत घेतला तर बराच महाग पडणारा. तो बसवताना पडद्यावर लाल अक्षरांत इशारा देणारा चौकोन आला. विक्रेत्याने सांगितलं की ही अँटीव्हायरसची राखण बंद केल्याशिवाय काम होत नाही, आणि ती त्याने स्वतःच्या हाताने बंद केली. हे मला नंतर कळलं. मी आबांना विचारलं, लाल अक्षरं दिसत असताना तुम्ही त्याला थांबवलं का नाही? आबांना माझा प्रश्नच कळला नाही. माणूस आपल्या दुकानात आलेला, चहा प्यायलेला, फुकट काही देतो आहे. ते म्हणाले, "घरनं कुत्रं पाहुनावर भुकस, म्हनीसन काय पाहुनाले बाहेर काढतस?"

विक्रेताही लबाड होता असं मला वाटत नाही. त्यालाही तो प्रोग्रॅम कोणीतरी असाच दिला असणार.

चौथ्या दिवशी दुपारी आबांचा फोन आला. मी अर्ध्या रजेचा अर्ज टाकून गेलो. पडद्यावर यादी जशीच्या तशी होती. शहादा, कानात बाळी, घाईत. धडगाव, आजी. फक्त प्रत्येक ओळीच्या शेवटी चार इंग्रजी अक्षरांचं शेपूट लागलं होतं, आणि कुठलाही फोटो उघडत नव्हता. दोन्ही डिस्कांवर तेच. मी एकूण आकडा पाहिला: एकसष्ट हजार चारशे आठ. प्रत्येक कप्प्यात एक इंग्रजी चिठ्ठी होती. मी ती वाचून अर्थ सांगितला. फोटोंना कुलूप घातलं आहे, किल्ली हवी तर नऊशे ऐंशी डॉलर, तीन दिवसांत दिले तर निम्मे. खाली एक ईमेल पत्ता.

आबांनी रकमेबद्दल काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "हाऊ मानूस माले वळखस का?" मी म्हणालो, नाही आबा, तो कोणालाच ओळखत नाही. त्यांना ते पटेना. ओळख नसताना एवढं वैर कोण करेल? मग म्हणाले, त्याला पत्र लिहू. त्यांनी सांगितलं, मी इंग्रजीत उतरवलं. मी सुरुवातीलाच गरिबीचा उल्लेख केला, तर त्यांनी खोडायला लावला. "गरीब शे असं लिखू नका. लिखा का, ह्या मानसे तुन्हा वळखना नहीत. तुले त्यास्ना काय उपेग?"

उत्तर तासाभरात आलं. एक ओळ, त्यात फक्त रक्कम आणि मुदत.

आबा कॅमेरा विकायला तयार होते. मी त्यांना थांबवलं. पैसे देऊनही किल्ली मिळेलच असं नाही, हे टिपणांत होतं. ते बरोबर होतं की चूक, मला आजही सांगता येत नाही. आम्ही पोलिसांत तक्रार नोंदवली. ती घेणारे गृहस्थ सज्जन होते. किती रक्कम गेली, असं त्यांनी विचारलं. रक्कम गेली नव्हती. फॉर्ममध्ये तो रकाना भरावाच लागत होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी आबांकडे, आणि आम्ही शून्य लिहिलं.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी तोरणमाळकडच्या एका पाड्यावरून एक बाई आली, बरोबर तिचा दीर. मी तिथेच होतो. तिचा नवरा ऊसतोडीला गुजरातेत गेला होता आणि तिकडेच वारला. तिच्या हातात त्याचं आधार कार्ड होतं, घामाने आणि खिशात राहून झिजलेलं. चेहऱ्याच्या जागी काळा डाग. दिराने मोडक्या मराठीत सांगितलं की ती म्हणते, यात तो नाही, तुमच्याकडे आहे.

आबांनी यादी खाली सरकवली आणि एका ओळीवर थांबले. 'तोरणमाळ, आपला निळा शर्ट, डोळ्याखाली तीळ'. त्यांनी दोनदा दाबलं. काही उघडलं नाही. काय झालं हे त्या दोघांना समजावणं शक्य नव्हतं. मलाच ते धड सांगता आलं नसतं. आबांनी खुर्ची वळवली, बाईसमोर बसले आणि सांगू लागले. निळा शर्ट त्याला मोठा होत होता, म्हणून मागून चाप लावला होता. केस ओले होते, आताच विंचरलेले. तीळ डाव्या डोळ्याखाली. मान थोडी उजवीकडे, कारण दाराशी कोणीतरी उभं होतं. दीर एकेक वाक्य त्यांच्या बोलीत सांगत होता आणि बाई मान हलवत होती. दाराशी ती स्वतःच उभी होती, असं ती म्हणाली. मग तिने एकच विचारलं, हसत होता का?

"हासत नव्हता," आबा म्हणाले, "पन हासाना बेतमा व्हता."

नंतर त्यांनी त्या कार्डावरच्या डागाचाच फोटो काढला, तासभर संगणकावर घासूनपुसून मोठा केला आणि छापला. बाईने तो हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि दिराशी काहीतरी बोलली. मी विचारलं तेव्हा तो ओशाळून म्हणाला, "ती म्हणते, मघाशी तोंडाने सांगितलं, तोच बरा होता."

आबा पुढे दोन वर्षं दुकानात बसले. फोटो काढत, पण पूर्वीइतका वेळ लावत नसत. मी राखण चालू करून दिली, वायर बदलली, नव्या फोटोंची एक प्रत दर शनिवारी दुकानाबाहेर जाईल अशी सोय केली. ते मी सांगेन ते सगळं करत. कधीकधी अशा कुलपांच्या किल्ल्या कोणीतरी शोधून काढतं आणि फुकट देतं, असं मी वाचलं होतं. ते मी त्यांना सांगायला नको होतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते विचारत, "साहेब, किल्ली उनी का?" मी शोधून बघायचो आणि नाही म्हणायचो. चोवीस वेळा तरी म्हणालो असेन.

गेल्या हिवाळ्यात, मिरचीच्या ऐन हंगामात, आबा गेले. मुलगा सुरतेला असतो, त्याने दुकान सोडलं. बाराव्यानंतर वहिनी, म्हणजे आबांच्या पत्नी, माझ्या घरी आल्या आणि पांढरा रुमाल माझ्यासमोर ठेवला. यांनी सांगितलं होतं तुमच्याकडे द्यायला, म्हणाल्या. या वेळी मी यादी मागितली नाही.

मी त्या डिस्कच्या तीन प्रती केल्या आहेत. एक माझ्या कपाटात, एक बहिणीकडे ब्राह्मणपुरीला, एक बँकेच्या लॉकरमध्ये. जे कोणालाच उघडता येत नाही ते इतक्या नीट जपलेलं दुसरं मला माहीत नाही. कोणी फोटो मागायला आलं तर मी यादीतली ओळ वाचून दाखवू शकतो. त्यापुढे मला काही सांगता येत नाही. ते आबांना येत होतं.

पहिल्या रविवारी मी अजूनही किल्ली आली का ते बघतो आणि नाही आली की यादी वाचत बसतो. मागच्या महिन्यात वाचता वाचता एका ओळीशी थांबलो. 'नंदुरबार, पाटबंधारे साहेब, दुसरा, हसले'. मी त्या दिवशी हसलो होतो, हे मला आठवत नाही. बायकोला विचारलं, तीही म्हणाली, तुमचा हसतानाचा फोटो घरात एकही नाही.

मी त्या ओळीवर दोनदा दाबून पाहिलं.