वखरलेला तुकडा

लिहिणं हे माझं काम नव्हे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि मी चढलो तरी माझ्या संशोधनाचं एक पानही कुठे छापलं गेलं नाही. अशा माणसाने त्यावर लिहावं, हे आगाऊपणाचं वाटेल. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

साठ सालानंतरची गोष्ट. अमरावतीला बी.एस्सी. झाल्यावर वनस्पतिशास्त्राच्या आमच्या सरांनी मला एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी गवताचा विषय दिला. इकॉलॉजी हा शब्द मी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. गुरं सतत चरतात त्या जमिनीवर शेवटी निकस, टोचरी कुसळीच उरते; तीच जमीन राखली तर पवन्या, मारवेल अशी चांगली गवतं परततात का, एवढंच मला पाहायचं होतं. परतवाड्याजवळच्या आमच्या गावी वावराला लागून एक पडीक तुकडा होता. तो मी बाबांकडून मागून घेतला आणि भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं.

पहिल्या वर्षी कुसळीच आली. दुसऱ्या पावसाळ्यात एका कोपऱ्यात पवन्याचे ठोंब दिसले, तेव्हा मी तिथेच मातीत बसून राहिलो. फुलोऱ्यावर आल्याशिवाय गवताची जात खात्रीने सांगता येत नाही, म्हणून मोजणी दसऱ्याच्या सुमारास ठरली. ती पाहायला सर स्वतः येणार होते. माझा सगळा प्रबंध त्या मोजणीवर उभा राहणार होता.

गावात थट्टा चालायचीच. वाटेने जाणारा एखादा बाबांना विचारायचा, "काहून हो, पोरगा अमरावतीले शिकते अन् वावरात कचरा पेरते काय?" बाबा तंबाखू मळत राहायचे. तुकडा राखायचा आहे हे मी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी एकही ढोर आत जाऊ दिलं नाही. पण वावरातलं गवत ही त्यांच्या लेखी आळशी माणसाची खूण होती.

सरांना घेऊन मी गावी पोचलो, तेव्हा मायने अंगण सारवून रांगोळी काढली होती. बाबा धुतलेला सदरा घालून उभे होते. ते आम्हाला थेट तुकड्याकडे घेऊन गेले. कुंपण नवं होतं. आत एक काडी नव्हती. मायबाबांनी मिळून सगळं गवत निंदून काढलं होतं, वर वखर फिरवला होता. काळी माती सारवल्यासारखी सपाट दिसत होती.

बाबा म्हणाले, "एवढा मोठा माणूस आपल्या वावरात येऊन राहिला, अन् त्याले कचऱ्यात उभं करू काय?"

बैलांनी ते गवत फार आवडीने खाल्लं, असं मायने सांगितलं.

सरांनी चष्मा पुसला आणि जमीन छान ठेवली आहे, एवढंच म्हणाले. घरी पोटभर जेवले. परतताना वाटेत म्हणाले की मुळं उरली असतील, आपण विद्यापीठाकडे आणखी मुदत मागू. मी मान हलवली. मला त्यात काही आशा दिसत नव्हती.

पुढल्या उन्हाळ्यात बाबांना सांगावंच लागलं, की यंदा निंदू नका, सरांना उभं गवतच पाहायचं होतं. बाबा म्हणाले, "मंग आमी काय केलं रे?"

मुदतीचा निर्णय येईपर्यंत मी अकोल्याला एका शाळेत शिकवायला लागलो. गावाकडून येणारे सांगायचे, तुझे वडील स्वतःचा कापूस सोडून त्या कुंपणापाशी बसलेले असतात. भर पावसातसुद्धा, डोक्यावर घोंगडी घेऊन.

दसऱ्याच्या आधी गावातले शेजारचे काका अकोल्याच्या बाजारात आले होते, ते शाळेवर येऊन भेटले. बाबांचा निरोप होता: "कोपऱ्यातलं तुयं गवत पुन्हा आलं. फुलावर हाये. सायबाले घेऊन ये."

रविवारी येतो, असं मी सांगून पाठवलं.

शनिवारी सकाळची शाळा होती. खिडकीतून पाहिलं तर सर व्हरांड्यात उभे. अमरावतीजवळच्या बडनेऱ्याहून पहिल्या गाडीने आले होते. मी बाहेर गेलो. विद्यापीठाने मुदत नाकारली होती.