मावशीचं मत, दुरुस्तीसह

मावशीचा नियम एकच होता आणि तो तिनं कधी मोडला नाही. नवा अल्बम आला की तो तीनदा ऐकायचा, आणि तिसऱ्यांदा ऐकून होईपर्यंत त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. पहिल्यांदा दुकानात काम करताना, दुसऱ्यांदा घरी भाजी निवडताना आणि तिसऱ्यांदा काहीही न करता. तिसऱ्या वेळी ती खुर्चीत सरळ बसायची, डोळे मिटायची, हात मांडीवर ठेवायची आणि दारावरची बेल वाजली तरी हलायची नाही. मग रविवारी सकाळी चहा झाला की ती बोलायची आणि तिची भाची ते जसंच्या तसं टाइप करायची. इंटरनेटवर त्या पानाचं नाव होतं 'मावशीचं मत', आणि हजारभर माणसं दर रविवारी ते वाचायची.

आता ही मावशी कोण, तर साठीला टेकलेली चावीवाली. आणि मतं कशाबद्दल, तर ज्यात गायक गातात कमी आणि गुरगुरतात जास्त त्या मेटलबद्दल, आणि ज्याला लोक अल्टरनेटिव्ह म्हणतात त्या त्याच्या जरा मवाळ भावंडाबद्दल. हे सांगितलं की माणसांच्या डोळ्यांपुढे भलतंच काहीतरी येतं, काळे कपडे काय, कवटीच्या अंगठ्या काय. तसलं काही नाही हो. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, खिशाखिशांचा निळा एप्रन आणि बोटांना कायम पितळेचा वास, एवढाच तिचा थाट.

हा नाद लागला तो मशीनमुळे. दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची जागा, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं. भिंतभर खिळे आणि खिळ्यांवर कोऱ्या चाव्यांचे झुबकेच्या झुबके. नवरा गेल्यावर महिन्याभरात मावशी त्याच्या स्टुलावर बसली ती बसलीच. चावी कापायचं मशीन असं किंचाळायचं की ऐकणाऱ्याच्या दातांत कळ यावी. समोर एक कॅसेटवाला होता, दिवसभर काही ना काही लावायचा, पण इकडे कटर फिरला की तिकडचं गाणं गुडूप. एके दिवशी मात्र त्यानं असं काही लावलं की ते मशीनला पुरून उरलं. मावशीनं कटर बंद केला, रस्ता ओलांडला आणि विचारलं की हे काय आहे. "माझ्या मशीनसारखंच ओरडतंय," ती त्याला म्हणाली, "पण सुरात." या गोष्टीला तीस वर्षं झाली.

बँडांची नावं तिच्या लक्षात राहत नसत. तिनं आपली स्वतःची ठेवली होती. एक होते दाढीवाले. त्यांच्या नव्या अल्बमचं पहिलं गाणं अकरा मिनिटांचं, त्यावर मावशीचं मत असं, की पाहुण्याला दारात ताटकळत ठेवलंय, आत या म्हणतच नाहीत, पण एकदा आत गेलात की घर ऐसपैस आहे. एक होते रडके. पहिल्या दोन अल्बमांत ते खरंच रडले होते, आता त्यांना रडायची सवय लागली आहे, असं तिचं म्हणणं. आणि एक होत्या तिघी, तिच्या लाडक्या. त्यांची गिटार आधी कानफटात देते आणि मग तोच हात डोक्यावरून फिरवते, असं ती म्हणाली होती. शिवाय त्यांच्या गायिकेला निरोप होता, की बाई गं, घसा जप, चाळिशीत पस्तावशील.

खरी नावं घालायचं काम भाचीचं. या भाचीला मावशी टिचकी म्हणायची. आई गेली तेव्हा पोर नऊ वर्षांची होती. मावशीकडे आली आणि दोन महिने बोललीच नाही. नुसती घरभर फिरायची आणि दिसेल त्या वस्तूवर टिचकी मारून कान लावायची, वाटी, पेला, नळ, खिडकीची काच, काही म्हणून सोडलं नाही. दुसरं कुणी रागे भरलं असतं. मावशीनं तिला दुकानात नेलं, कोऱ्या चाव्यांची पेटी पुढे ठेवली आणि म्हणाली, यातल्या बोलतात कोणत्या आणि मुक्या कोणत्या ते मला निवडून दे. पितळ चांगलं असेल तर चावी टिचकीला बारीक, लांब आवाज देते. पोरीनं संध्याकाळपर्यंत दोन ढीग केले. मोठा ढीग दाखवून म्हणाली, "या बोलतात." दोन महिन्यांनंतरचं तिचं ते पहिलं वाक्य. आता ती टिचकी तिशीची झाली होती, एका दंतवैद्याच्या दवाखान्यात लोकांना वेळा द्यायची, आणि रविवारी मावशीची लेखनिक असायची.

गेल्या वर्षी मावशीच्या मतांत एक नवीनच कुरकुर सुरू झाली. हल्लीचे ड्रमर थाळ्यांना हातच लावत नाहीत म्हणे. थाळ्या म्हणजे ड्रमसेटवर उभ्या दांड्यांवर बसवलेल्या पितळी चकत्या, सिम्बल. पितळेतलं तिला कळायचं, त्यामुळे ती ठासून बोलायची. दाढीवाल्यांचा ड्रमर कंजूष झालाय, रडक्यांनी थाळ्या विकून खाल्ल्या असाव्यात, असं काय काय. वाचणारे हसायचे. मग तिघींचा नवा अल्बम आला आणि मावशीनं तिथंही तेच सांगितलं. खाली एकानं लिहिलं, मावशी, चौथं गाणं पुन्हा ऐका, थाळ्यांनी नुसता धुमाकूळ घातलाय. टिचकीला वाटलं, असतात काही माणसं, उगाच फाटे फोडणारी. तरी तिनं हेडफोन लावला. त्या माणसाचं बरोबर होतं. चौथ्या गाण्यात थाळ्या होत्या, तिसऱ्यातही होत्या, आणि तिनं मागे जाऊन ऐकलं तर दाढीवाल्यांच्यात तर पहिल्यापासून शेवटपर्यंत होत्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती दुकानात गेली. चाव्यांची नवी पेटी आली होती. मावशीनं एक चावी उचलली, कानाजवळ धरली, टिचकी मारली आणि तोंड वाकडं केलं. बघ, म्हणाली, हल्लीचं पितळही असलंच, सगळ्या मुक्या. चावीचा आवाज जिन्याखाली अजून फिरत होता. टिचकीला तो स्वच्छ ऐकू येत होता.

सांगायला हवं होतं. शहाण्या माणसानं तिथल्या तिथं सांगितलं असतं. पण टिचकीच्या डोळ्यांपुढे मावशीचा तो तिसऱ्या वेळचा चेहरा आला, डोळे मिटलेला, सगळं जग बाहेर ठेवलेला. कान गेले म्हटल्यावर ही बाई पुन्हा मत द्यायची नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि रविवार गेला तर मावशीपाशी उरतं काय, ते किंचाळणारं मशीन. एकदा तिनं आडून सुचवून पाहिलं की या वयात कान तपासून घ्यावेत. मावशी म्हणाली की मशीन मला झकास ऐकू येतं, तू तुझ्या दातांचं बघ.

मग टिचकीनं जे केलं ते प्रेमापोटी केलं, पण केलं ते चूकच. पहिल्या रविवारी तिनं थाळ्यांबद्दलची ओळ गाळली. पुढच्या रविवारी स्वतः थाळ्या ऐकल्या आणि दोन ओळी आपल्या पदरच्या घातल्या, मावशीच्या नावावर. मावशी ते पान कधी उघडायची नाही, बारीक अक्षरांचा तिला वैताग. असे पाच महिने गेले आणि सात अल्बम झाले.

एका दुपारी एक शाळेतल्या बाई कपाटाची चावी करून घ्यायला आल्या. दुकानात वाजत होतं ते ऐकून त्यांनी विचारलं की 'मावशीचं मत' मधल्या मावशी तुम्हीच का. मावशी लाजली. बाई म्हणाल्या, तुमची ती ओळ मला पाठ आहे, 'शेवटच्या गाण्यात थाळ्या मुठीतून वाळू सुटावी तशा सांडतात', ती वाचून मी ते गाणं पुन्हा ऐकलं, आणि काय सांगू, अगदी तसंच आहे. मावशीनं मान डोलावली आणि चावी कापायला घेतली. ती चावी बिघडली. मावशीच्या हातून चावी बिघडणं म्हणजे काय, ते समोरच्या दुकानदारांना विचारा.

टिचकी घरी आली तेव्हा मावशी एप्रन न काढताच खुर्चीत बसली होती, मांडीवर फोन, फोनवर भिंग.

"मी वाळू कधी म्हटलं?" मावशीनं विचारलं.

टिचकीनं सगळं सांगितलं. थाळ्यांचं, चाव्यांचं, गाळलेल्या ओळीचं, घातलेल्या ओळींचं. सांगताना रडली. मावशी ऐकत राहिली, आणि मग जे बोलली ते टिचकी जन्मात विसरणार नाही.

"मला वाटलं, तुला माझ्या बोलण्याची लाज वाटायला लागली."

तसं नाही गं, टिचकी म्हणाली, तुझे रविवार जाऊ नयेत म्हणून केलं. मावशीनं भिंग पुसलं आणि खिशात ठेवलं. तिला राग कानांचा नव्हता. जे आपण ऐकलं नाही ते आपल्या तोंडी गेलं, याचा होता. ज्याला ऐकू येत नाही त्यानं मत देऊ नये, म्हणाली, आणि आता हे बंद.

आणि खरंच बंद केलं. पुढच्या रविवारी चहा झाल्यावर ती उठून खिडक्या पुसायला लागली. त्याच्या पुढच्या रविवारी पंख्याची पाती. तिघींचं नवीन गाणं आलं होतं, ते तिनं लावलंच नाही. घरात दोन माणसं आणि दोघी एकमेकींशी जपून बोलताहेत, असे ते दिवस. शेवटी टिचकीनं कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि मावशीला सांगितलं, तुझ्या मतासाठी नको, माझ्यासाठी चल. मावशी एप्रन काढून ठेवून निघाली.

तपासणीची खोली म्हणजे काच लावलेलं कपाटच. आत मावशी, कानांवर हेडफोन, हातात एक बटण. आवाज आला की दाबायचं. काचेबाहेर तपासणाऱ्या बाई, आणि त्यांच्या मागे टिचकी. आत आवाज सोडला की बाहेरच्या यंत्रावर एक छोटा दिवा लागायचा. जाड आवाजांना मावशीचा अंगठा झटकन हलायचा. मग आवाज बारीक बारीक होत गेले. दिवा लागला, अंगठा हलला नाही. पुन्हा लागला, हलला नाही. मावशी सरळ बसली होती, डोळे मिटून, अगदी तिसऱ्या वेळेसारखी, जीव कानांत आणून. दिवा लागत राहिला आणि अंगठा बटणावर नुसता वाट बघत राहिला. टिचकीला ते बघवेना, पण तिनं मान वळवली नाही.

तीस वर्षांचं मशीन, डॉक्टर म्हणाले. गेलं ते गेलं, पण कानात यंत्रं घातली तर बरंचसं परत मिळेल. दोन आठवड्यांनी यंत्रं आली. दवाखान्यातून मावशी थेट दुकानात गेली, कारण एक गिऱ्हाईक खोळंबलं होतं. टिचकी बरोबर होती. मावशीनं कुलूप काढलं, दिवा लावला, पंखा लावला आणि जागच्या जागी थांबली. पंख्याचा वारा भिंतीवर गेला होता, आणि भिंतीवरच्या शेकडो चाव्या एकमेकींना लागून किणकिणत होत्या.

"हे रोज वाजतं?" तिनं विचारलं.

"रोज," टिचकी म्हणाली.

मावशीनं एक चावी काढली, टिचकी मारली, ऐकलं. दुसरी काढली. तिसरी काढली. खोळंबलेलं गिऱ्हाईक दारात उभं होतं, ते मेलं काय बोलणार. मुक्या म्हणून बाजूला टाकलेली ती सबंध पेटी मावशीनं परत पुढे ओढली, आणि एप्रनच्या टोकानं डोळे पुसले.

मग तिनं ते सातही अल्बम, आणि त्याआधी थाळ्यांवरून नावं ठेवलेलेही, पुन्हा ऐकले, प्रत्येकी तीनदा. त्यात तीन आठवडे गेले. चौथ्या रविवारी चहा झाल्यावर ती म्हणाली, घे लिहायला. या वेळी ती खुर्चीत बसली नाही. टिचकीशेजारी बसली, चष्मा लावून, पडद्यावर नजर ठेवून, आणि पोरीनं मुकाट्यानं अक्षरं मोठी केली.

मावशीनं सांगितलं की ही दुरुस्ती आहे. मी ड्रमरांना नावं ठेवली ती मागे घेते, दोष थाळ्यांचा नव्हता, माझ्या कानांचा होता. दाढीवाल्यांच्या ड्रमरला माझा हात जोडून नमस्कार. तिघींच्या चौथ्या गाण्याबद्दल ज्यानं मला टोकलं, त्याचं बरोबर होतं. रडक्यांचं म्हणाल, तर थाळ्या आता नीट ऐकल्या, उत्तम आहेत, आणि अल्बम तरीही टाकाऊच आहे. टिचकीला हसू आलं. मावशी हसली नाही, तिचं अजून संपलं नव्हतं.

"आता पुढचं लिही," ती म्हणाली. "पाच महिने थाळ्यांबद्दल इथं जे छापलं गेलं, ते मी ऐकलेलं नव्हतं. वाळूची ओळ माझी नाही. ती माझ्या लेकीची आहे. आता मीही ऐकलंय, आणि तिनं लिहिलंय ते बरोबर आहे."

टिचकीची बोटं चालली आणि थांबली. मावशीनं पुढे वाकून पडद्यावरचं वाचलं. तिथं लिहिलं होतं, 'ती माझ्या भाचीची आहे.'

"मी लेक म्हणाले," मावशी म्हणाली. "जे बोलले तेच लिही."

टिचकीनं तो शब्द खोडला आणि मावशीनं सांगितलेला लिहिला.