चित्रं एक घर खाली

मोबाईल अ‍ॅपमधल्या हालचाली लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम. पडद्यावर एखादं बटण अलगद सरकत येतं, एखादं पान हळूच विरून जातं, ते आपोआप होत नाही. त्यासाठी कोणीतरी एक छोटी फाईल लिहिलेली असते. कुठून निघायचं, कुठवर जायचं, किती मिलिसेकंदांत, आणि पोचल्यावर तिथेच थांबायचं की माघारी यायचं. दहा-बारा ओळींचा मामला. नाशिकमधल्या आमच्या छोट्या ऑफिसात या कामात माझा हात धरणारं कोणी नाही, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगत असे. आता सांगत नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, मूळचे देवळ्याकडचे. अंबडच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर त्यांची सगळी नोकरी गेली. मशीनचं सेटिंग बदललं की पहिला जॉब, म्हणजे मशीनवर घडलेला पहिला तुकडा, ते हातात घेत, त्यावरून बोट फिरवत आणि मगच पुढचा लावत. मी कौतुकानं त्यांना एखादं सरकणारं बटण दाखवलं की म्हणायचे, "दिसाया लय भारी हाय. पण हात लावून पाह्यलं का?" मला ते त्यांचं कारखान्यातलं खूळ वाटायचं. मी हसून फोन खिशात टाकायचो.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समज मात्र शाबूत होती. "ती टिकते का, यावर लक्ष ठेवा," असं डॉक्टर म्हणाले, आणि घरात आम्ही त्याच एका गोष्टीची धास्ती घेऊन बसलो. हातपाय गेले तरी चालतील, माणूस आत जागा असू दे, असं आई देवापुढे रोज म्हणायची.

मी जुन्या टॅबवर त्यांच्यासाठी एक अ‍ॅप केलं. एकाखाली एक चार चित्रं: पाण्याचा तांब्या, लघवीचं भांडं, कळवळलेला चेहरा आणि पंखा. चित्राला बोट लावलं की टॅब माझ्या आवाजात बोलायचा. "पाणी द्या." "लघवीला लागली." "दुखतंय." "पंखा लावा." तीन आठवडे ते झकास चाललं. आई कशावरून तरी तणतणत खोलीत आली की अण्णा मुद्दाम पंख्यावर बोट ठेवायचे. आई आणखी चिडायची आणि मग पदर तोंडाला लावून हसायची.

एकच अडचण होती. सगळ्यात वरच्या तांब्यापर्यंत डावा हात उचलताना ते दमायचे. खाली एका चित्रापुरती जागा रिकामी होती, तेव्हा सगळी चित्रं एक घर खाली घ्यायचं ठरवलं. सरळ खाली मांडली असती तर दोन मिनिटांचं काम होतं. पण जागा एकदम बदलली तर ते गोंधळतील, डोळ्यांदेखत हळूहळू खाली आलेली बरी, असं मी आईला सांगितलं. खरं म्हणजे मला माझी कला दाखवायची होती. मी फाईल लिहिली. एक घर खाली सरका, सहाशे मिलिसेकंद, आणि पोचल्यावर तिथेच थांबा. टॅब उघडला, चित्रं तरंगत खाली आली. अण्णा अर्ध्या ओठानं हसले. मी खूश होऊन ऑफिसला गेलो. बटणं तर आधीपासून चालत होती. मी फक्त हालचाल बघितली.

त्यानंतर अण्णा बिघडत गेले. टॅब "लघवीला लागली" म्हणायचा, आई भांडं घेऊन धावायची, आणि ते मान हलवत ते ढकलून द्यायचे. "दुखतंय" ऐकून आम्ही पाय चेपत बसायचो आणि तेवढ्यात अंथरूण ओलं व्हायचं. त्यांचं बोट नक्की कुठे टेकलंय हे कोणी पाहिलं नाही. आवाज ऐकू आला की आम्ही कामाला लागायचो. मी एक-दोनदा जवळ बसलो, पण त्यांचा हात थरथरत होता. घसरला असेल, असं समजून उठलो. पुन्हा एखादा लहान झटका येऊन गेला असावा, असं आम्हीच आपापसांत ठरवूनही टाकलं.

मग थंडी पडली. नाशिकची थंडी हाडात शिरते, दोन दोन गोधड्या घेऊन बसावं लागतं. अण्णांनी तेव्हा एकच लावून धरलं. "पंखा लावा. पंखा लावा." आम्ही लावायचो, ते कुडकुडायचे. बंद केला की पुन्हा तेच. एका सकाळी ऑफिसला निघायच्या घाईत माझं डोकं फिरलं. "अण्णा, बास करा! थंडीत काय पंखा पंखा लावलंय?" मी टॅब त्यांच्या हाताखालून ओढला आणि कपाटावर ठेवला. त्यांनी कपाटाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी बूट घालून निघून गेलो.

चौथ्या दिवशी पाठ पुसायला आईनं त्यांना कुशीवर वळवलं, तेव्हा कमरेखाली जखम दिसली. चांगलीच चिघळली होती. डॉक्टर घरी आले. त्यांनी विचारलं, "यांनी काही सांगितलं नाही का? हे तर खूप दुखलं असणार." मी म्हणालो, "त्यांना आता काही कळत नाही." हे मी अण्णांच्या उशाशी उभं राहून बोललो. त्यांनी डोळे मिटून घेतले. ताप चढला होता, तो उतरलाच नाही. पंधरा दिवसांत ते गेले.

उन्हाळ्यात ऑफिसात एक नवीन मुलगी शिकायला आली. एक दिवस रडवेली होऊन फोन दाखवू लागली, "सर, बटण जिथे दिसतंय तिथे दाबलं की भलतंच लागतंय." मी तिची फाईल पाहिली आणि सवयीनं खेकसलो. "अगं, या जातीच्या अ‍ॅनिमेशनमध्ये फक्त चित्र सरकतं. बटण दाबायची जागा पहिल्या ठिकाणीच राहते. हे पहिल्या महिन्यात शिकवतात. नुसतं बघत काय बसलीस, एकदा हात लावून..."

मी तिचा फोन तिच्या हातात परत दिला. मुलगी घाबरून "सॉरी सर, सॉरी सर" म्हणत राहिली. मी तसाच गाडी काढून घरी आलो.

टॅब कपाटावरच होता, धुळीत. चार्जिंगला लावला, उघडला. चित्रं तशीच तरंगत खाली आली. मी तांब्याला बोट लावलं. "लघवीला लागली." भांड्याला लावलं. "दुखतंय." मग त्या कळवळलेल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं, आणि माझाच आवाज म्हणाला, "पंखा लावा." मी पुन्हा ठेवलं. "पंखा लावा."

सगळ्यात खालच्या पंख्यावर बोट ठेवलं तर काहीच झालं नाही.

आवाज ऐकून आई स्वयंपाकघरातून आली, ओले हात पदराला पुसत. टॅब बघून दारातच थांबली आणि मग माझ्या शेजारी पलंगावर बसली.

"सारखं तेच म्हनायचे शेवटी," ती म्हणाली. "भर थंडीत. मी एकदा लय बोलले त्यांना, अजून मनाला लागतं रे. पन मी म्हनते, कळत नव्हतं ते बरंच झालं. ती जखम, ते अंथरूण... कळत असतं तर किती हाल झाले असते त्यांचे. नाय का?"

ती माझ्याकडे बघत होती.

"हो आई," मी म्हणालो. "काही कळत नव्हतं त्यांना."