चार दिवस भिजलेल्या मनुका

प्रभुभोजनाचा रस साठेक वर्षं माझ्या हातचा होता. पाळक बदलले, देवळाची कौलं जाऊन पत्रे आले, पत्रे जाऊन स्लॅब पडला, रस मात्र माझ्याच घरून जात राहिला. आम्ही ख्रिस्ती माणसं, पण चर्चला आमच्याकडे देऊळच म्हणतात आणि धर्मगुरूला पाळक. त्या देवळातल्या आजच्या सुनांना वाटतं, ही म्हातारी बोहल्यावरून उतरली तीच अशी हुशार आणि भक्तिमान. वाटू दे बापड्यांना. पण पहिल्या खेपेला मी काय करून ठेवलं होतं, ते सांगणारं आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. म्हणून मीच लिहिते.

गोष्ट साठ सालाच्या आसपासची. पांढरकवड्यापासून दोन कोसांवरच्या गावात मी लग्न होऊन आले. यवतमाळच्या बोर्डिंगात सातवीपर्यंत शिकलेली, पेटीवर तीन गाणी वाजवणारी. सासू निरक्षर. म्हणजे हिच्याकडून शिकण्यासारखं काही नाही, असा माझा पक्का समज. त्या वयातली मी आज समोर आली तर तिचे कान धरीन.

सासरे देवळाच्या मंडळीतले पंच. बाप्तिस्मा घेण्याआधी मोहाची दारू प्यायचे, आणि थोडीथोडकी नाही. सासूच्या अंगावरचं डोरलं तीत गेलं होतं. बाप्तिस्मा झाला त्या दिवसापासून त्यांनी थेंब शिवला नाही. खोकल्याच्या औषधाला वास येतो म्हणून तेही घेत नसत, रात्रभर खोकत बसत. वीस वर्षं झाली होती. तरी गावातले काही जण वाट बघत होते, हा कधी घसरतो त्याची.

प्रभुभोजन म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षाचा रस वाटून घेण्याचा विधी. आमच्या देवळात त्याला दारू चालत नसे आणि पांढरकवड्याच्या बाजारात द्राक्षं मिळत नसत. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सासू मनुकांचा रस करी. त्या वर्षी चैत्रात नणंद राळेगावला बाळंत व्हायची होती. सासू पिशवी घेऊन एसटीत चढली आणि खिडकीतून मला म्हणाली, "शनिवारी रात्री भिजू घालजो, रविवारी पहाटे उकळजो, गाळजो. अन् आपली अक्कल घालू नको."

नेमकी तीच घातली.

मी विचार केला, एका रात्रीत मनुकेत काय उतरणार? चार दिवस भिजवाव्या. उकळलं की रस काळवंडतो, तेव्हा उकळायचंच नाही. गोडीला गूळ घालावा, चांगला दोन मुठी. हंडी मातीची घेतली, तोंडाला फडकं बांधलं आणि चुलीजवळ ठेवली, उबेनं रस छान सुटेल म्हणून. बाहेर चैत्राचं ऊन रटरटत होतं.

रविवारी पहाटे फडकं सोडलं तर वर फेस! मला इतका आनंद झाला. वाटलं, सासूच्या रसाला असा फेस कधी आला नव्हता. चव घेतली, जिभेला बारीक चिमटा बसला. म्हटलं, वा, याला म्हणतात रस. शोभेला चार मनुका तशाच तरंगत ठेवल्या, नवं लुगडं नेसले आणि हंडी देवळात नेली. पेले भरण्याचं काम सासऱ्यांचं. देवळामागच्या खोलीच्या दारात डोक्यावरचा पदर सावरून मी हंडी खाली ठेवली आणि मागं सरले. त्या काळी मी सासऱ्यांशी समोरासमोर बोलत नसे.

आत जाऊन बायकांच्या बाजूला खिडकीशी बसले. पहिलं गाणं झालं, शास्त्रवाचन झालं. माझं लक्ष सगळं टेबलावरच्या पांढऱ्या कापडाकडे. त्याखाली पेले होते, आणि सगळे माझी तारीफ करणार होते.

तेवढ्यात शेजारची म्हातारी नाक वर करून म्हणाली, "काहून व सूनबाई, मोहाच्या भट्टीसारखा वास कायचा येऊन राह्यला?"

मीही नाक वर केलं. आंबूस, गोडसर, उग्र. आणि एकदम चार दिवस, गूळ, ऊब, फेस, सगळं माझ्या डोक्यात एका रांगेत उभं राहिलं. हा वास त्या पेल्यांचाच, दुसरा कशाचा असणार?

पाळकसाहेबांनी भाकर मोडली, कापड उचललं. रीतीप्रमाणे पहिला पेला सासऱ्यांच्या हातात दिला. त्यांनी डोळे मिटले.

वीस वर्षं खोकत काढलेला माणूस. आणि घोट कुणाच्या हातचा, तर सुनेच्या. तोही देवाच्या टेबलावर.

मी उभी राहिले. पदर कधी खांद्यावर आला कळलं नाही. बोर्डिंगात कमावलेल्या आवाजात ओरडले, "मामाजी, पिऊ नका! त्याची दारू झाली!"

नवरा पुरुषांच्या बाजूला मान खाली घालून जमीन शोधत होता.

सासऱ्यांनी डोळे उघडले. पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "बस व पोरी खाली. गुळाचा चहा होय हा. बिनदुधाचा."

पाळकसाहेब खोकले. हसू दाबायला खोकले हे सगळ्यांना दिसलं. "तुमची हंडी निंबाखाली रिकामी झाली, बाई," ते म्हणाले. "आज चहावरच प्रार्थना करू. प्रभू समजून घेईल."

म्हणजे सासऱ्यांनी हंडी उघडताच ओळखलं होतं, पाळकांना सांगितलं होतं, पाळकीणबाईंकडून चहा आणवला होता आणि माझं नाव कुठंही न येता सगळं निस्तरलं होतं. मीच उठून दवंडी पिटली. वास खिडकीबाहेरच्या निंबाखालून येत होता. उपासना सुटली तेव्हा पाळकांच्या कोंबड्या तिथं मनुका टिपून तिरप्या चालत होत्या. मंडळी पोट धरून हसली आणि माझे पाय जरा जमिनीला लागले.

सगळे पांगल्यावर सासरे निंबाजवळ थांबले. मी पदर ओढून तीन हात लांब.

"मले कसं समजलं माहीत हाय?" ते म्हणाले. "मी सोडली व, पण या नाकानं थोडीच सोडली!"

मी हसले नाही. तेही मग हसले नाहीत.

"खोलीत मी एकटाच होतो. दार लोटलेलं. हंडी हातात धरून बराच वेळ उभा राह्यलो."

"मग?" मी विचारलं. सासऱ्यांशी बोललेला माझा हा दुसरा शब्द.

"मंग काय. ओतली." निंबाच्या मुळाकडे बघत म्हणाले, "तू वरडली ते बरं वाटलं. वीस वर्षं सारे पाह्यत बसले, हा पेते का नाही पेत. अडवाले कोणी उठलं नव्हतं."

आठ दिवसांनी सासू परतली. एसटी थांब्यापासून घरापर्यंत तिला तीन बायकांनी सगळं सांगितलं होतं. पिशवी ठेवून तिनं मला विचारलं, "किती दिवस भिजवल्या?"

"चार."

"गूळ घातलता?"

"घातलता."

"मंग तर चांगलीच उतरली असन," ती म्हणाली आणि पदर तोंडात कोंबून इतकी हसली की नातवाचे पेढे द्यायचे विसरली. रसाचं काम मात्र तिनं परत मागितलं नाही. पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी मनुकांची पुडी माझ्यापुढं ठेवली, एवढंच.

रविवारी पहाटे मी रस उकळला, गाळला. सासरे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मी भांडं पुढं केलं. त्यांनी वाकून वास घेतला, मान हलवली आणि सदरा चढवायला गेले. ते होते तोवर दर महिन्याला हे असंच चाललं. ते गेल्यावरही मी भांडं देवळात नेण्याआधी दारापाशी घटकाभर थांबत असे.

आता नागपूरहून रसाची सीलबंद बाटली येते. माझे हात थरथरतात, त्यामुळे बरंच झालं. तरी पहिल्या रविवारी नात बाटली उघडून आधी माझ्या नाकाशी धरते. मी वास घेते आणि म्हणते, "जाऊ दे. बिघडला नाही."