गोळीआधीचा अंगठा

बार्शीटाकळीहून पहिल्या मोटारीने एक जुने अफूबाज अकोल्याला आमच्या दवाखान्यात यायचे. खिशात अफू विकत घ्यायचा सरकारी परवाना, कनवटीला गुळाचा खडा. अफूच्या गोळीनंतर गूळ खायचे आणि अर्धा खडा मला द्यायचे. "कंपाउंडरसायेब, तोंड गोड करा."

त्या वर्षी आमचे डॉक्टर अफूच्याच जातीचं एक नवं औषध जुन्या अफूबाजांना देऊन त्यांची नाडी आणि श्वास तपासत होते. सवयीच्या माणसाला धोका कमी, असं त्यांचं म्हणणं. सकाळची गोळी न खाता यायचं, एवढीच अट. राजी असेल त्याचा अंगठा मी कागदावर घ्यायचो.

या बार्शीटाकळीवाल्यांची पाळी आली तेव्हा जांभया थांबत नव्हत्या, नाक गळत होतं, हात थरथरत होता. मी तो हात धरून शाईकडे नेला. त्यांनी हळूच सोडवून घेतला.

"आत्ता नका इचारू. आत्ता तुमी इहिरीत उडी माराले सांगसान, तरी मी हो म्हनीन. माही गोळी खाऊ द्या, मंग इचारा."

डॉक्टर थांबले. तासाभराने त्यांनी विचारलं, तेव्हा हे शांतपणे गूळ चघळत होते.

"सायेब, यानं जीव जाऊ शकते का?"

"तेच तर बघतोय."

"मंग नाई."

अर्धा खडा माझ्या तळहातावर ठेवून ते मोटारीकडे गेले.

मी फाइल उघडली. आधीचे सगळे अंगठे गोळीआधीचे होते. एकही ठसा नीट उमटला नव्हता, सगळे फरकटलेले. ते सगळे हात मीच धरले होते.